पहिलारू गाय विताना हात कधी लावायचा?

गोठ्यातली_सत्तरी (४ जुलै, संध्याकाळ)

नमस्कार. आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आत. गोठ्यात दोन जनावरं. एक जुनी जर्सी संकरित, तिची तीन वेतं झाली. दुसरी तिचीच पाडी, गौरी. ती आता पहिलारू आहे, म्हणजे पहिल्यांदाच विणार. रेतन ३ ऑक्टोबरला झालं, पहिल्याच वेळी राहिली. कास भरू लागली आहे.

आतापर्यंत गाय विण्याचं सगळं मामंजी बघायचे. गेल्या चवथीच्या आधी ते गेले. नवऱ्याची कारखान्यात पाळी असते, आठवड्याआड रात्रीची. म्हणजे त्या रात्री गोठ्यात मी आणि सासूबाई, एवढीच माणसं असण्याची शक्यता जास्त.

भीती अशी आहे की, जुनी गाय मागच्या वेळी विताना मामंजी आजारी होते. वाड्यावरचे तिघे-चौघे धावून आले आणि खूर दिसताच ओढायला लागले. वासरू जगलं. गाय मात्र पाच दिवस उठली नाही. तिला कूस बदलून देताना सासूबाईंच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. कोणाचीच नियत वाईट नव्हती, सगळे मदतीलाच आले होते. म्हणून विचारते: हात कधी लावायचा आणि कधी लावायचा नाही, हे ओळखायचं कसं? पाऊस असा धरलाय की डॉक्टरना यायला तास-दीड तास लागू शकतो. दिवे कधी जातील त्याचा नेम नाही.

कुळागरवाला

ताई, आधी तारीख पक्की करा. गायीचे दिवस साधारण २८० ते २८५. सोपा हिशेब नऊ महिने दहा दिवसांचा. ३ ऑक्टोबर म्हणजे १३ जुलै. चार-पाच दिवस मागेपुढे धरा. म्हणजे परवापासूनच रात्री एकदा उठून बघायला लागा.

माशेलकाठ

आमच्या आईची एक युक्ती सांगते. शेवटचे पंधरा दिवस वैरणीचा मुख्य भारा सकाळी न देता संध्याकाळी उशिरा, साडेसात-आठला द्यायचा. अशा गायी उजेडात विण्याचं प्रमाण वाढतं. परदेशातल्या गोपालकांनीही हे करून पाहिलंय असं नंतर वाचलं, आईला ते कोणी सांगितलं नव्हतं. दर वेळी जमतंच असं नाही, पण आमच्या सहापैकी चार दिवसा व्याल्या.

निवृत्त_पशुवैद्य

गोठ्यातली_सत्तरी, तुमचा प्रश्न नेमका आहे. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत न ओढल्यामुळे मेलेली वासरं मी पाहिली, आणि घाईने ओढल्यामुळे मेलेलीही. दुसरी जास्त. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात गर्भाशयाचं तोंड उघडतं. बाहेरून काही दिसत नाही. गाय बेचैन होते, खाणं सोडते, शेपटी उचलून धरते, उठबस करते, पोटाकडे वळून बघते. जुन्या गायीत हे दोन ते सहा तास चालतं, पहिलारूत बारा तासही लागू शकतात. या काळात हात आत घालायचं काहीच कारण नाही. जागा मोकळी द्या, गर्दी हटवा. भ्यायलेली गाय कळा आवरून धरते, हे मी कितीदा पाहिलंय. घरचं एकच ओळखीचं माणूस लांब बसलेलं बरं.

दुसरा टप्पा पाणमोट, म्हणजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी, दिसल्यापासून. इथून घड्याळ बघायचं, आणि वेळ लिहून ठेवायची. रात्री दोन वाजता 'बराच वेळ झाला' या शब्दांना अर्थ नसतो. दहा मिनिटं तासासारखी वाटतात. जुनी गाय पाणमोट दिसल्यापासून तासाभरात सुटायला हवी, पहिलारूला दोन तासांपर्यंत वेळ द्यावा. पण त्या काळात थोडं थोडं पुढे सरकणं दिसलं पाहिजे. चांगल्या कळा येत असून अर्धा तास काहीच पुढे आलं नाही, तर डॉक्टरना हाक मारा. तुमच्याकडे यायलाच तास लागतो, म्हणून पाणमोट दिसताच फोन करून ठेवा. उगाच उठवलं म्हणून चांगला डॉक्टर रागवत नाही.

आता काय दिसतंय ते ओळखा. सरळ वासरू असेल तर पुढचे दोन खूर, त्यांचे तळवे जमिनीकडे, आणि दोन्ही पायांवर टेकवलेलं नाक. असं दिसलं की गायीला तिचं काम करू द्या. तळवे आभाळाकडे असतील तर वासरू बहुधा उलटं, मागचे पाय आधी. खात्री करायची तर खुरापासून वर हात नेऊन सांधे चाचपा. पहिले दोन सांधे एकाच दिशेला वाकत असतील तर पुढचा पाय. विरुद्ध दिशांना वाकत असतील आणि वरचा सांधा टोकदार लागला तर मागचा. उलटं वासरूही जिवंत येतं, पण त्याची नाळ लवकर दबते, डोकं अजून आत असतं. तिथे डॉक्टरची वाट बघताना उशीर परवडत नाही.

एकच पाय, नुसतं डोकं, नुसती शेपटी, किंवा दोन पाय आहेत पण डोकं नाही, यांपैकी काहीही दिसलं तर ओढायचं नाही. एकदाही नाही. ओढलं की आतलं वाकडं अधिकच अडकतं.

पेडण्याचा_गडी

डॉक्टरसाहेब, मान ठेवून बोलतो. आमच्या आजोबांनी अख्ख्या वाड्याच्या गायी ओढून काढल्या. घड्याळ नव्हतं घरात. तेव्हा गायी मरत नव्हत्या. आज पुस्तकं वाचून माणसं घाबरतात आणि डॉक्टरची वाट बघत बसतात, तोवर वासरू गुदमरतं.

निवृत्त_पशुवैद्य

पेडण्याचा_गडी, तुमच्या आजोबांसारख्या माणसांकडून मी बरंच शिकलो. दोन गोष्टी लक्षात घ्या. त्यांच्या गोठ्यातल्या गायी गावठी, लहान चणीच्या, आणि वासरं वीस किलोच्या आतली. आज एचएफच्या, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या मोठ्या विदेशी जातीच्या, रेतनाचं वासरू तीस-पस्तीस किलोचं असू शकतं आणि गाय तेवढी रुंद नसते. दुसरं म्हणजे आजोबा कधी ओढत होते ते आठवून बघा. मला भेटलेली अशी जाणती माणसं कळ आली की ओढायची आणि कळ गेली की दोर सैल सोडायची. त्यांचं घड्याळ गाय होती.

ओढावंच लागलं तर एवढं पाळा. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या, अंगठी-बांगड्या काढा. मऊ सुती दोर उकळून घ्या. फास खुरावर न बसवता खुराच्या वरच्या सांध्याच्या वर बसवा, आणि खाली आणखी एक अर्धा वेढा घ्या, म्हणजे जोर एका जागी येऊन हाड मोडणार नाही. वाट कोरडी झाली असेल तर खोबरेल भरपूर लावा. दोन्ही पाय एकदम न ओढता एक जरा पुढे, मग दुसरा, असे आळीपाळीने, म्हणजे खांदे तिरके होऊन निघतात. डोकं आणि खांदे बाहेर आले की दिशा सरळ मागे ठेवायची नाही, गायीच्या मागच्या पायांकडे, खाली वळवायची. जोर दोन माणसांचा, त्याहून जास्त नाही.

माशेलकाठ

दोन माणसांचा, हे मोठ्या अक्षरात लिहून गोठ्यात लावायला हवं.

आमच्या नात्यात एका घरी वासरू कमरेत अडकलं. दोर जीपला बांधला. मी तेव्हा बारावीत होते, कुंपणापाशी उभी होते. वासरू आलं, मेलेलं. गाय पुढे दोन आठवडे मागचे पाय फाकवून पडून राहिली आणि मग गेली. डॉक्टर म्हणाले, मांडीच्या आतल्या बाजूला जाणारी नस दबली होती. ती गाय मला हाकेने ओळखायची. आज त्याला वीस वर्षं झाली तरी गाय विताना पाहिली की मला आधी तो जीपचा आवाज आठवतो.

ताई, तुमच्या जुन्या गायीला पाचव्या दिवशी उठता आलं हे तुमच्या सासूबाईंच्या कूस बदलण्यामुळे. एका अंगावर पडून राहिली असती तर स्नायूच गेले असते.

गोठ्यातली_सत्तरी

हे सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, उठून गोठ्यात गेल्या.

सांगेची_पाऊलवाट

आणखी एक प्रकार सांगतो, कारण तो बाहेरून ओळखू येत नाही. आमची म्हैस दिवसभर उठबस करत होती. पोटाला लाथ मारायची, शेपटी हलवायची, पण पाणमोट काही दिसेना. संध्याकाळपर्यंत आम्ही 'अजून वेळ आहे' म्हणत राहिलो. डॉक्टर आले, हात घातला आणि म्हणाले, गर्भपिशवीला पीळ बसलाय. म्हशीला आडवं पाडलं, कुशीवर लांब फळी ठेवली, फळीवर माझा भाऊ उभा राहिला आणि आम्ही पाच जणांनी पाय धरून तिला पिळाच्या दिशेनेच लोळवलं. तिसऱ्या वेळी पीळ सुटला. आतून पाणी असं आलं की डॉक्टरांचे कपडे भिजले. वासरू जिवंत. फळी अजून माळ्यावर ठेवलीय, कोणाला जाळू देत नाही.

गायीतही होतं, म्हशीत जास्त. कळा दिसतात, तास जातात, आणि बाहेर काहीच नाही, तर वाट बघत बसू नका.

पुणेकर_माहेर_डिचोली

विषय गंभीर आहे, तरी खरवसाची आठवण आल्याशिवाय राहवेना. मयेला आजी हळदीच्या पानावर वाफवायची. पुण्यात पिशवीतला चीक मिळतो, त्याला ती चव नाही. ताई, गौरी व्याली की आमच्या नावाचा एक वाडगा!

कुळागरवाला

देतील की, पण वासराचा वाटा झाल्यावर. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडी प्रतिकारशक्ती मिळते. गायीच्या वारेतून, म्हणजे वासराला पोसणाऱ्या पोटातल्या पडद्यातून, ती वासराकडे जातच नाही. वासरू रिकाम्या हाताने जन्माला येतं, त्याला जे मिळतं ते चिकातून, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधातून. आणि आतड्याचं ते दार २४ तासांत बंद होतं, पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त उघडं असतं. वजनाच्या दहावा हिस्सा चीक धरा. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर, त्यातला पहिला घोट दोन तासांच्या आत.

जुनी समजूत अशी की वार पडेपर्यंत सडाला हात लावायचा नाही. आमच्या घरीही होती. त्यात दोन वासरं हगवणीने गेली. आता वासरू उभं राहिलं की आधी सड धुतो आणि त्याला लावतो. वासरू ढुसण्या देतं त्याने वार सुटायलाही मदतच होते.

पुणेकर_माहेर_डिचोली

हे खरंच माहीत नव्हतं. आजी आधी वासराला सोडायची आणि आम्ही कुरकुर करायचो. वाडगा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा द्या.

श्वेतकपिला_प्रेमी

जरा वेगळं बोलू का? या सगळ्या अडचणी संकरित गायींच्या. आपल्या गोव्याची श्वेतकपिला बघा. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, आता देशी गोवंशात तिची अधिकृत नोंदही झालीय. जुने गोवे इथल्या किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यावर काम केलं. आमच्या चारही गायी रानातून चरून येतात आणि पहाटे बघावं तर वासरू शेजारी उभं. गेल्या सात वर्षांत एकदाही डॉक्टर बोलवावा लागला नाही.

पेडण्याचा_गडी

दिवसाला दूध किती देते तेही लिहा. दोन-तीन लिटरवर दूध संस्थेचं खातं चालत नाही भाऊ. कुर्टीच्या गोवा डेअरीला रोज दूध जातं ते जर्सी-एचएफच्या जोरावर.

श्वेतकपिला_प्रेमी

दोन-तीनच देते, लपवत नाही. पण पेंडीचा खर्च किती, औषधांचा किती, तेही मांडा. माझी गाय भाताच्या पेंढ्यावर आणि रानच्या चाऱ्यावर पावसाळा काढते.

कुळागरवाला

या दोघांसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येतो. ताईंची गाय इथे दिवस मोजतेय.

निवृत्त_पशुवैद्य

एक सावधगिरी सगळ्यांसाठी, आणि ताईंसाठी विशेष. विताना आणि वार हाताळताना हातमोजे घाला. सांसर्गिक गर्भपाताचा रोग, ब्रुसेलोसिस, गायीच्या वारेतून आणि स्रावातून माणसाला होतो. महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, थकवा, आणि निदान लवकर होत नाही. हातावर जखम असेल तर गोठ्यातल्या या कामाला जाऊच नका. घरात कोणी गर्भार असेल तर तिला लांब ठेवा. पाडीला ४ ते ८ महिन्यांच्या वयात याची एकदाच लस देतात, गौरीला दिली होती का ते कार्डावर बघा.

गोठ्यातली_सत्तरी

कार्ड सापडलं. दिली आहे. मामंजींच्या अक्षरात तारीख आहे.

बोरीची_काकी

बाय, वार अडकली तर काय करायचं तेही आधीच ठरवून ठेव. आमच्याकडे बांबूची पानं घालतात. आणि लोंबणाऱ्या वारेला जुनी चप्पल बांधायचे, वजनाने खाली येते म्हणून.

निवृत्त_पशुवैद्य

काकी, बांबूची पानं गाय आवडीने खाते, घाला. पण तिच्या भरवशावर राहू नका. चप्पल किंवा दगड मात्र बांधू नका. वार पिशवीला आतून जागोजागी बटणांसारखी चिकटलेली असते. वजनाने ती तुटते आणि अर्धी आत राहून कुजते, कधी पिशवीच उलटी होऊन बाहेर येते. साधारणपणे वार आठ ते बारा तासांत पडते. बारा तासांवर गेली तर डॉक्टरना कळवा. हात घालून ओढून काढायचा आग्रह त्यांना करू नका. ताप आहे का, खाते का, वास येतो का, हे बघून ते औषध ठरवतील.

बोरीची_काकी

बांधणार नाही आता. सासूने शिकवलं ते केलं इतकी वर्षं. दोन गायींची पिशवी बाहेर आली होती, ती यानेच का असा विचार आज पहिल्यांदा मनात आला.

निवृत्त_पशुवैद्य

नक्की सांगता येणार नाही काकी. खूप ओढाताण झाली, कॅल्शियम कमी पडलं, तरी मायांग, म्हणजे ही पिशवी, बाहेर येतं. तसं झालंच तर घाबरून आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या चादरीत गुंडाळून उचलून धरा, कुत्री-कावळे जवळ येऊ देऊ नका, गायीची मागची बाजू उंच ठेवा आणि डॉक्टरना तातडीने बोलवा. चादर ओली राहिली पाहिजे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा नंबर भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. मोबाईलची बॅटरी गेली तर शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येईल.

सांगेची_पाऊलवाट

आणि विल्यानंतरचे तीन दिवस. ताईंच्या जुन्या गायीसाठी हे पुढे कामाला येईल. दुग्धज्वर. नावात ज्वर आहे पण अंग गार पडतं. कान थंड, मान एका बाजूला वळवून पोटावर टेकवते, उठत नाही. तिसऱ्या वेतापासून पुढे, दूध जास्त असलेल्या गायीत जास्त होतो. रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरतं. शिरेतून कॅल्शियम दिलं की तासाभरात उठून चारा खाते. पण ते डॉक्टरच देतो, हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत. भरभर दिलं तर तिथेच गाय जाते. आमच्या शेजारी एकाने बाटली आणून स्वतः लावली होती. पुढचं लिहीत नाही.

गोठ्यातली_सत्तरी (१० जुलै, सकाळ)

सगळ्यांचं वाचून तयारी केली. चिऱ्याची फरशी ओलीने गुळगुळीत झाली होती. शेवाळ खरवडलं, भाताचं तूस टाकलं, वर पेंढ्याचा जाड थर. माळ्यावरचा कोरडा पेंढा आहे तो. गौरीला दावणीतून सोडून कोपऱ्यात मोकळी ठेवलीय. टिंक्चर आयोडीन, दोरा, नवीन ब्लेड, हातमोजे, धुतलेली गोणपाटं, खोबरेल, दोन विजेऱ्या. थर्मामीटर रोज सकाळ-संध्याकाळ लावतेय. काल संध्याकाळपर्यंत १०२ होता. आज १०१.

निवृत्त_पशुवैद्य

एक अंश उतरला तर बहुधा २४ तासांत. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बोटं दाबून बघा. तिथले घट्ट दोर सैल पडून खड्डे झाले असतील.

गोठ्यातली_सत्तरी (१० जुलै, रात्री ९.४०)

खड्डे खोल पडलेत. खाणं सोडलंय. नवरा पाळीवर. वीज गेली.

गोठ्यातली_सत्तरी (रात्री १२.५०)

पाणमोट दिसली. वेळ लिहिली. डॉक्टरना फोन केला, निघतायत. आमच्या सत्तरीतल्या ठाणे गावच्या रस्त्यावर झाड पडलंय, फिरून येतील.

माशेलकाठ

जागी आहे ताई.

गोठ्यातली_सत्तरी (रात्री १.२५)

फुटली. दोन खूर. तळवे खाली.

निवृत्त_पशुवैद्य

छान. बसून राहा. खूर कळेगणिक थोडे पुढे येतात आणि थोडे मागे जातात. ते मागे जाणं घाबरण्यासारखं नाही, वाट तशीच रुंद होते. दर दहा मिनिटांनी बघा, आधीपेक्षा थोडं जास्त दिसतंय का एवढंच.

गोठ्यातली_सत्तरी (रात्री १.५०)

नाक दिसतंय. जीभ बाहेर आहे. शेजारचे काका आलेत, ओढूया म्हणतात. जीभ निळसर वाटते.

निवृत्त_पशुवैद्य

जीभ चिमटीत धरा. मागे घेते का?

गोठ्यातली_सत्तरी (रात्री १.५३)

घेतली.

निवृत्त_पशुवैद्य

जिवंत आहे. काकांना विजेरी धरायला सांगा. अजून वीस मिनिटं द्या.

गोठ्यातली_सत्तरी (११ जुलै, दुपार)

रात्री नंतर लिहायला हात मोकळे नव्हते, आता सविस्तर.

२ वाजून १० मिनिटांनी कपाळ बाहेर आलं. त्याआधीची पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. काकांनी दोनदा दोर उचलला. सासूबाई, ज्या कधी मोठ्याने बोलत नाहीत, त्यांनी दोर काकांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः धरून बसल्या. म्हणाल्या, 'मागच्या वेळी मी गप्प राहिले.' काका नंतर विजेरी धरून उभे राहिले, शेवटपर्यंत. त्यांच्या विजेरीशिवाय मला काहीच दिसलं नसतं.

कपाळ आल्यावर खांदे दोन कळांत आले आणि मग पूर्ण अंग एकदम. २ वाजून २० मिनिटं. कोणीच ओढलं नाही. वासरू हललं नाही. नाकातोंडातला बुळबुळीत चिकटा बोटाने काढला, पेंढ्याची काडी नाकपुडीत घातली. काही नाही. पुन्हा घातली. शिंकलं! पोटावर बसवून गोणपाटाने खसाखसा पुसलं, तोवर गौरी वळली आणि चाटू लागली. तिला कोणी शिकवलं नाही.

नाळ दोन बोटं सोडून बांधली, कापली, आयोडीनमध्ये बुडवली. डॉक्टर २.५० ला पोचले, चिखलाने माखलेले. तपासून म्हणाले, आत दुसरं वासरू नाही, बाजूला थोडं फाटलंय, टाके नकोत. गौरीला कोमट पाणी ठेवलं, गूळ टाकून, जवळजवळ दोन बादल्या प्यायली.

अडचण चिकाची झाली. वासरू सव्वातीनला उभं राहिलं, पण गौरी सडाला लागू देईना, लाथा मारायची. सुजलेली कास दुखत असणार. मी बसून हळूहळू काढलं आणि बाटलीने दीड लिटर पाजलं, साडेतीनला. सकाळी सातपर्यंत आणखी एक लिटर. दुपारी तिने स्वतःच पाजलं. वार सव्वानऊला पडली, अख्खी. हातमोजे घालून माडाच्या पलीकडे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली.

पाडा आहे.

पेडण्याचा_गडी

अभिनंदन ताई. रात्रभर वाचत होतो, लिहिलं नाही. वीस मिनिटं थांबा म्हटल्यावर मला वाटलं वासरू गेलं. माझ्या हातात दोर असता तर मी ओढलं असतं, हे खरं सांगतो.

पाडा झाला म्हणून मन लहान करू नका. पुढच्या रेतनाला डॉक्टरना लिंगनिश्चित मात्रेबद्दल विचारा. दहापैकी साधारण नऊ वेळा पाडी होते.

बोरीची_काकी

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. देव बरें करूं.

पुणेकर_माहेर_डिचोली

वाडग्याचं मी काही बोलत नाही. पाड्याला पोटभर मिळू दे.

श्वेतकपिला_प्रेमी

पाड्याचं काय करायचं हे ठरवताना मला कळवा. आमच्याकडे नांगराला अजून जोडी लागते आणि चरायला रान आहे. संकरित असला तरी चालेल. विकत नको असेल तर नुसता सांभाळायला ठेवेन.

गोठ्यातली_सत्तरी

दादा, तुमचं बोलणं घरात सांगितलं. सासूबाई म्हणतात, दिवाळीतल्या गोरवांच्या पाडव्यापर्यंत तो इथेच राहील, त्याला माळ त्याच घालणार आहेत. नंतर बघू.

पेडण्याच्या दादा, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मीही सांगते, पहिल्या वेळी काकांनी दोर उचलला तेव्हा मलाही ओढावंसं वाटलं होतं.

डॉक्टरनी तीन दिवस गौरीचा ताप बघायला सांगितलाय, वास आणि स्रावाचा रंगही. सकाळी १०१.६ होता, खातेय. संध्याकाळी लावून इथेच लिहिते.